कानात सांगायचं वाक्य

माझ्या आधी आईची दोन लेकरं गेली, म्हणून माझं नाव कडुबा ठेवलं. असलं नाव ऐकून मरणानं तोंड वाकडं करावं आणि पुढच्या घरी जावं, एवढीच आईची अपेक्षा. ती पुरी झाली. पन्नाशी उलटली तरी मी आहे, हर्सूलच्या तलावामागं माझा तबेला आहे, आणि लग्नसराईत नवरदेवाला पांढरी घोडी लागली की पहिला फोन मलाच येतो. येत होता, असं म्हणायला पाहिजे.

तबेला माझा, पण जागा तात्यासाहेबांची. सावंगीच्या रस्त्याला त्यांची मोठी जमीन होती. निम्मी प्लॉट पाडून गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांचं फार्महाऊस आणि त्याच्या कोपऱ्यात आम्ही. माझ्या बापाला त्यांच्या बापानं तोंडी सांगितलं होतं, राहा म्हणून. कागद कधी झाला नाही. त्यामुळं तात्यासाहेबांना नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच लागली नाही.

तात्यासाहेबांना एकच वेड होतं, रोमचं. खरं रोम नव्हे, सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सिनेमावाल्यांनी उभं केलेलं रोम. वैजापूरकडून शहरात शिकायला आले तेव्हा त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण रविवारी सकाळच्या खेळाला जाऊन ते ती संगमरवरी राजधानी डोळे फाडून बघायचे. म्हातारपणी त्यांनी फार्महाऊसच्या हॉलमध्ये भिंतभर पडदा लावला आणि रविवारी आम्हा सगळ्यांना बसवून तेच सिनेमे दाखवायला लागले. जहाजाच्या पोटात साखळीला बांधलेले, नगाऱ्याच्या ठोक्यावर वल्ही मारणारे गुलाम. सिंहासमोर उभे राहून गाणारे पहिले ख्रिस्ती लोक. अंगठा खाली करणारा राजा. आणि चार-चार घोड्यांच्या रथांची शर्यत.

सिंहाची जागा आली की तात्यासाहेबांच्या घरच्या, आशाबाई, पदर डोळ्याला लावायच्या. मी त्यांना आक्का म्हणतो. एकदा त्या म्हणाल्या, "गातेत कसं रं ही माणसं? आन् त्यांचा देव कुठं बसलाय?"

"अगं, सिनेमा हाय," तात्यासाहेब म्हणाले.

"असू द्या. मरण असं घरात आणून दावू नये."

मी फक्त घोडे बघायचो. रथ उलटायचा, माणूस धुळीत लोळायचा, हॉलमधले सगळे वा वा करायचे आणि मी मान फिरवायचो. माणसाला ठाऊक असतं की सिनेमा चालू आहे. घोड्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. तो खराच पळतो आणि खराच पडतो.

इंद्रजीत त्यांचा एकुलता एक. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेला. आक्कांनी त्याच्यासाठी किती उपास धरले ते त्यांनाच माहीत. सहा वर्षांचा असताना मी त्याला पहिल्यांदा घोडीवर बसवलं. लगाम कसा धरायचा ते मी शिकवलं. बोटांत धरायचा, मनगटाला कधी गुंडाळायचा नाही, घोडं बिथरलं तर आपला हात सुटला पाहिजे. हे मी त्याच्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचो. घोडीवर बसला की तो माझ्या तोंडाकडं बघायचा. मी हसलो की पुढं जायचा, माझ्या कपाळाला आठी पडली की थांबायचा. माझं स्वतःचं लेकरू नाही. जे काही वाटायचं ते त्याच्याबद्दलच वाटायचं, आणि ते लपवायचं मला कारण नव्हतं.

यंदा माघात त्याचं लग्न ठरलं. मुलगी प्रेरणा, पैठणच्या बाजूची, दातांची डॉक्टर. हल्ली लग्नाला थीम लागते. कुणी राजवाडा करतं, कुणी समुद्रकिनारा करतं. तात्यासाहेबांनी जाहीर केलं की त्यांच्या मुलाची वरात रोमची निघणार. चार पांढरे घोडे, सोनेरी रथ, आणि विजयी सेनापतीच्या वेशात नवरदेव.

रथ चिकलठाण्याच्या सुदर्शननं केला. तो एरवी गेट आणि ग्रिल करतो. जुन्या बग्गीचा आस घेतला, वर लोखंडी सांगाडा, त्यावर फायबर आणि सोनेरी रंग. पुढं कमरेएवढी भिंत, तिच्यावर सिंहाचं तोंड. मागची बाजू मात्र सताड उघडी.

"मागं एक आडवी दांडी तरी टाक," मी म्हणालो.

"सिनेमात नाय ना," सुदर्शन म्हणाला. त्या महिनाभरात प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर मिळायचं.

चार घोड्यांत तीन फर्दापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणले. चौथी माझी चांदणी. आणि अडचण चांदणीचीच होती.

चांदणी नाचणारी घोडी. हलगीची घाई सुरू झाली, म्हणजे काडीचा वेग वाढून तो एकसारखा तडतडाट सुरू झाला, की ती पुढच्या दोन्ही टापा उचलते आणि मागच्या पायांवर उभी राहते. मीच शिकवलंय, सहा महिने खपून. वरातीत लोक त्यासाठीच तिला मागतात. तिला खाली आणायची खूण एकच. मी तिच्या तोंडाशी उभा असतो आणि तिचा डावा कान मुठीत धरतो. दुसऱ्या कुणी धरला तर ती ऐकत नाही. एकटी घोडी उभी राहिली तर लोक मोबाइल काढतात. रथाला जुंपलेली घोडी उभी राहिली तर दांडा वर जातो, रथ मागं कलतो आणि बाकीचे तीन घोडे बिथरतात. हे कळायला सिनेमा बघावा लागत नाही.

मी तात्यासाहेबांना सगळं सांगितलं. ते उलट खूश झाले.

"हलगी नायच कडुबा. ताशा नाय, बँड नाय. फकस्त तुताऱ्या. रेकॉर्ड आणलंय मी." मग आवाज खाली करून म्हणाले, "आन् हे घरात बोलू नको. पोराच्या रथाला जुंपणार त्या घोडीची खोड हिला कळली तर ही लग्न पुढं ढकलंल."

मी बरं म्हणालो. तरी आठ दिवस तबेल्यात मोबाइलवर हलगी लावून तिची सवय मोडायचा प्रयत्न केला. कानात कापूस घालून बघितला. पण हलगी तिला टापांतूनही कळते. आठही दिवस ती उभी राहिली आणि आठही दिवस मी कान धरून तिला खाली घेतली. शेवटी मी मनाला समजावलं की हलगी वाजणारच नाही, आणि वाजलीच तर मी तोंडाशी आहेच.

मग गुलामाची गोष्ट निघाली.

तात्यासाहेबांच्या आवडत्या सिनेमात सेनापतीची मिरवणूक निघते तेव्हा रथात त्याच्या मागं एक गुलाम उभा असतो. तो सेनापतीच्या डोक्यावर सोन्याच्या पानांचा मुकुट धरतो आणि सगळी गर्दी जयजयकार करत असताना त्याच्या कानात एकच वाक्य सांगत राहतो. ते वाक्य तात्यासाहेबांनी स्वतः मराठीत करून कागदावर लिहिलं होतं. मागं बघ. तू माणूस आहेस. तुला मरायचं आहे.

या कामाला राजेंद्रला बोलावलं होतं. राजेंद्र एकांकिका करणारा, आवाजाची यंत्रणाही तोच सांभाळायचा. लग्न जिथं लागणार त्या लॉनवर आम्ही तालमीला जमलो. त्याला जाडाभरडा अंगरखा आणि गळ्यात घालायचं लोखंडी कडं दिलं. त्यानं ते कडं हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"दुसरं कायबी करतो साहेब. हे नाय."

"अरे, नाटक हाय राजेंद्र."

"व्हय, नाटकच हाय. पण माझ्या आज्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी गावकीची समदी कामं सोडली. उपाशी राहिला, पण पुन्हा कुणाच्या मागं उभा राहिला नाय. मी हौसेनं उभा राहू व्हय?"

तात्यासाहेब चिडले नाहीत. त्यांना ते कळलं का नाही ते मला सांगता येणार नाही. त्यांनी फक्त लॉनवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"कडुबा, तू हो."

"मी? मी घोडीच्या तोंडाशी असतो ना तात्यासाहेब."

"लगाम इंद्रजीतच्या हातात हायेत. तूच शिकवलंय त्याला."

"तरी पण चांदणीच्या..."

"गुलाम पुढं नसतो, कडुबा." मग जरा वेळानं, सहज आठवल्यासारखं, ते म्हणाले, "तबेल्याच्या बाजूच्या प्लॉटची मोजणी कवा ठेवायची रं? लग्न उरकलं की बघू."

मी ते कडं उचललं आणि गळ्यात घातलं. ते मला बरोबर बसलं.

तालीम संपल्यावर राजेंद्र वायरी गुंडाळत माझ्याजवळ आला. मला त्याचा राग आला होता, उगीचच. त्याच्या नकारामुळं ते कडं माझ्या गळ्यात पडलं असं वाटत होतं.

"रागावलास?" तो म्हणाला. "एक सांगू? त्या गुलामाचं काम हलकं नाय. पुऱ्या रोममंदी समदे सेनापतीला गोड बोलत्यात. खरं बोलायची मुभा त्या एकट्याला. त्यानं खरं सांगितलं तर तो माणूस शुद्धीवर राहतो. तेवढं बोलशील का?"

"लग्नात? नवरदेवाला? तू मरणार हायेस म्हणून?"

"मग नुसताच मुकुट धरशील," राजेंद्र म्हणाला आणि वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघून गेला.

लग्नाच्या दोन दिवस आधी सकाळी आक्का तबेल्यात आल्या. हातांना हळद, डोळे जागरणानं लाल. त्या तबेल्यात कधी येत नाहीत, वास सहन होत नाही त्यांना. त्यांच्या हातात तो वाक्याचा कागद होता.

"हे तू बोलणार हायेस?"

"तात्यासाहेबांनी दिलंय, आक्का."

"ते येडे झालेत. अंगाला हळद लागलेलं लेकरू, डोक्याला बाशिंग, आन् तू त्याच्या कानात मरण सांगणार? बारा वर्सं मी देवाच्या दारात बसले रं त्याच्यासाठी." त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "शपथ घे. त्या वक्ताला तुझ्या तोंडातून एक वंगाळ शब्द येणार नाय."

मी चांदणीच्या आयाळीवर हात ठेवून शपथ घेतली. खरं तर मला सुटल्यासारखंच झालं. ते वाक्य मलाही नको होतं.

"मग काय म्हणू?"

"औक्षवंत हो म्हण. कोण ऐकणारंय? त्यांना वाटंल तू त्यांचंच वाक्य बोलला."

त्यांनी कागदाचे तुकडे केले आणि चांदणीच्या पुढ्यातल्या कडब्यात टाकले. जाता जाता त्या दाराशी थांबल्या. "वाजंत्री नाय, हलगी नाय. आमच्या घरचं कार्य गावच्या हलगीबिगर कधी झालं नाय. हलगीवाल्या अप्पारावच्या बापानं माझ्या लग्नात वाजवली. नजर उतरती तिच्यानं. ह्या असल्या अपशकुनी वरातीला तर पायजेच." आणि मग पुटपुटल्या, "माझं मी बघते काय करायचं ते."

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. आक्का, हलगी नको, घोडी उभी राहते. चार-सहा शब्द, त्यापलीकडं काही नाही. पण तात्यासाहेबांनी घरात बोलू नको म्हटलं होतं, आणि त्या घरात त्यांचा शब्द मोडून हलगी कोण आणणार, असं मी स्वतःला सांगितलं. आक्का लिंबू-मिरची बांधतील, मीठ-मोहऱ्या ओवाळतील, अजून काय करतील? मी खरारा घेतला आणि चांदणीची पाठ घासायला लागलो.

लग्नाच्या दिवशी पाच वाजता आम्ही लॉनच्या गेटवर उभे होतो. मुहूर्त गोरज होता. गेटपासून मंडपापर्यंत लाल गालिचा, दोन्ही बाजूंना थर्माकोलचे पांढरे खांब, त्यांच्यामध्ये हजारभर पाहुणे. गावाकडच्या मंडळींच्या फेट्यांवर सोनेरी कागदाच्या पानांचे मुकुट चढवले होते. वाढपी गुडघ्यापर्यंतचे अंगरखे घालून सरबत वाटत होते आणि थंडीनं कुडकुडत होते. दुसरा एखादा दिवस असता तर मी पोट धरून हसलो असतो.

मला हसू येत नव्हतं. चांदणी सकाळपासून दाण्याला तोंड लावत नव्हती. फर्दापूरचे तीन घोडे तिच्याकडं बघून कान टवकारत होते. मी तिच्या तोंडाशी गेलो, कपाळावरून हात फिरवला, तेवढ्यात लांबून तात्यासाहेबांचा आवाज आला, "कडुबा, मागं!" आणि मी मागं गेलो.

इंद्रजीत रथात उभा होता. अंगात पितळी पत्र्याचं चिलखत, खांद्यावरून लाल शाल. उन्हं उतरली होती तरी कपाळावर घाम होता. चारही लगाम त्यानं उजव्या मनगटाला गुंडाळले होते, चांगले तीन वेढे.

"इंदर," मी म्हणालो, "मनगटाला?"

"पप्पा म्हणले काका. सिनेमात तसंच हाय. ड्रोनमंदी हात वर दिसायला पायजे." तो हसला. "दोनशे पावलं तर जायचंय. चालत."

मी मुकुट उचलून त्याच्या डोक्यावर धरला. राजेंद्रनं तुताऱ्या सुरू केल्या. घोडे चालायला लागले.

पहिली शंभर पावलं सगळं ठीक होतं. पाहुणे पानं आणि फुलं उधळत होते. कुणी अंगठा वर करत होतं, कुणी खाली, आणि हसत होते. मंडपाच्या पायरीवर तात्यासाहेब दोन्ही हात छातीशी धरून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी वर्षं पडद्यावर बघितलेलं त्यांच्याकडं चालत येत होतं.

आणि मला धुराचा वास आला.

स्वयंपाकाचा धूर नव्हता. चिपाडं पेटवल्याचा होता. तो वास मी झोपेतही ओळखीन. हलगीचं कातडं ढिलं पडलं की वाजवणारे चिपाडांचा जाळ करतात आणि हलगी त्याच्यावर धरून तापवतात. कातडं ताणलं की ती बोलायला लागते. मी मान उंच करून बघितलं. मंडपाच्या उजव्या अंगाला, खांबांच्या मागं, पांढरे फेटे बांधलेली तीन माणसं उकिडवी बसली होती. मधे छोटा जाळ. त्यांच्याशेजारी आक्का, हातात ओवाळणीचं ताट, नजर रथावर. त्यांच्या तोंडावर मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू बघितलं. नवऱ्याच्या नकळत त्यांनी लेकराच्या वाटेतलं अशुभ दूर करायची व्यवस्था केली होती.

चांदणीचे कान तिकडं वळले. तिलाही वास कळला होता.

त्या हलगीवाल्यांपर्यंत पन्नास पावलं होती. चालत्या घोड्याला अर्धं मिनिट लागतं. अर्ध्या मिनिटात पुष्कळ होतं. मी खाली उडी मारून तिच्या तोंडाशी पळू शकलो असतो. पण पायरीवर तात्यासाहेब होते, आणि गुलाम पुढं नसतो हे मला तालमीत दोनदा ऐकवलं होतं. डोळ्यांसमोर मोजणीची साखळी आली. पाय हलले नाहीत. ठीक आहे, पाय नाही तर तोंड होतं. इंद्रजीतच्या कानापासून माझं तोंड वीतभर लांब होतं. हात सोडव, उतर, मरशील. एवढंच सांगायचं होतं.

तेवढ्यात तोच म्हणाला, पुढं बघत, गालात हसत, "काका, ते वाक्य म्हणा की. पप्पा विचारतील मला."

मागं बघ, हे त्या वाक्यातले पहिले दोन शब्द. मी फक्त तेवढे म्हणालो असतो तरी त्यानं मान वळवली असती आणि माझं तोंड बघितलं असतं. सहा वर्षांचा असल्यापासून तो माझ्या तोंडाकडं बघून थांबायचं की जायचं ते ठरवत होता. पण समोर आक्का ताट घेऊन उभ्या होत्या, शपथ आठवली, आणि नवरदेवाच्या कानात मरणाचा शब्द घालायला माझी जीभ वळेना.

"औक्षवंत हो, दादा," मी म्हणालो.

"थँक्यू काका," तो म्हणाला आणि त्यानं लगाम गुंडाळलेला हात वर केला.

हलगी वाजली. पहिले चार ठोके सावकाश आले आणि मग थेट घाई. राजेंद्रनं तुताऱ्या बंद केल्या, कारण त्याला वाटलं काहीतरी ठरलेलं असेल, आणि त्यामुळं हलगी आणखी मोठी ऐकू आली. चांदणी उभी राहिली. शिकवलं होतं तशी, अगदी सुरेख. दांडा वर गेला, पायाखालचा पत्रा कलला आणि मागच्या उघड्या बाजूनं मी बाहेर फेकला गेलो. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. इंद्रजीतही मागं पडला, पण त्याचा हात सुटला नाही. बाकीचे तिघे उधळले. गालिच्यावरून, खांबांमधून, पार्किंगच्या फरशीवरून त्यांनी त्याला कुंपणाच्या भिंतीपर्यंत नेलं. पाहुण्यांतल्या काहींनी सुरुवातीला टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही सिनेमातलंच आहे.

दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

चौकशीत अपघात लिहिलं गेलं. राजेंद्र एकदा भेटून गेला. तात्यासाहेब फार्महाऊसमधल्या त्या पडद्यासमोर बसून असतात, पडदा पांढराच असतो. मोजणीला कुणी आलं नाही. पांढऱ्या घोडीसाठी फोनही आला नाही.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी आक्का तबेल्यात आल्या. त्या सतरा दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. माझा हात गळ्यात बांधलेला होता. मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पण त्या बसल्या नाहीत.

"एकच विचारायला आले. खरं सांग. त्याच्या कानात काय बोललास?"

"औक्षवंत हो."

"मरणाचं नाय बोललास?"

"नाय आक्का. शपथ घेतली व्हती."

त्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी दिवस कोंडलेला श्वास सोडला. "ते म्हणतेत, तूच बोलला असशील, म्हणून झालं. मी म्हणलं, कडुबा बोलायचा नाय. निदान चांगला शब्द ऐकून गेलं माझं लेकरू." त्यांनी माझ्या न दुखणाऱ्या खांद्यावर हात ठेवला.

जायला वळल्या आणि पुन्हा थांबल्या. मी त्या प्रश्नाची वाटच बघत होतो.

"कडुबा, घोडी हलगीला बिथरली का रं? अप्पाराव अन्न घेईना. हलगी आडात टाकायला निघाला व्हता. मीच आणलं व्हतं त्याला. मी आणलं व्हतं."

चांदणी माझ्या मागं उभी होती, कडबा चावत. मला कडू नाव ठेवून आईनं वाचवलं होतं. मी त्या पोराला गोड शब्द दिला आणि तो गेला. आता त्याची आई माझ्यापुढं उभी राहून खरं मागत होती, आणि मला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

"नाय आक्का," मी म्हणालो. "ड्रोन लई खाली आलं व्हतं. त्याला बुजली."

"मग अप्पारावला सांगते," त्या म्हणाल्या. "वाजव म्हणावं." आणि पदर सावरून त्या फार्महाऊसकडं चालायला लागल्या.

त्या दिसेनाशा होईपर्यंत मी दारात होतो. मग आत आलो, चांदणीच्या तोंडाशी गेलो आणि चांगल्या हातानं तिचा डावा कान मुठीत धरला. वाजत काहीच नव्हतं, तरी धरून उभा राहिलो.